ताईची बोट पाच सेंटिमीटर वर

याप्केने बोटीची किल्ली डाउवेच्या हातावर ठेवली तेव्हा त्याने दुसरा हातही पुढे केला. ती आपली बोट कुणालाच देत नसे. नवऱ्यालाही नाही, म्हणून तर तो बिचारा जन्मभर सायकलवर. आणि डाउवेने अठरा वर्षांपूर्वी तिची वल्ह्यांची होडी बुडवली, तेव्हापासून या धाकट्या भावाला तिने घरातला चमचासुद्धा उसना दिला नव्हता. आज पहिल्यांदाच, सुट्टीसाठी, ती बोट देत होती.

"केबिनचं छप्पर बाबांनी स्वतःच्या हातांनी केलंय," ती म्हणाली. "रविवारी चारला परत. ओरखडा दिसला तर पुन्हा माझ्या दारात काही मागायला येऊ नकोस."

मग काय, आठवडाभर गावामागून गाव गेलं, पवनचक्क्या गेल्या, पण डाउवेने छपराच्या कडेखेरीज काही पाहिलं असेल तर शपथ. तो इतका हळू चालवायचा की बदकं कंटाळून पुढे जायची. त्याचे मित्र मात्र मजेत. निवृत्त शिक्षिका इम्के पाय पसरून पुस्तक वाचायची आणि धिप्पाड फोल्कर्ट चीजचा गोळा मांडीवर घेऊन कापत बसायचा.

शनिवारी दुपारी ते परतीच्या वाटेवर एल्सवाउडे गावात आले. तिथे लागोपाठ दोन दगडी पूल. जाताना बोट त्यांच्याखालून अलगद निघाली होती. आता इम्केने काठी लावून पाहिली आणि पुस्तक मिटलं.

"पाच सेंटिमीटर कमी पडतायत."

"पूल खचला की काय?" डाउवेने विचारलं.

"पूल आहे तिथेच आहे. बोट वर आलीय. जाताना पाण्याची टाकी भरलेली होती, डिझेल होतं, बटाट्यांची पोती होती, बिअरचे सोळा क्रेट होते."

दोघांनी फोल्कर्टकडे पाहिलं.

"बिअर बोटीबाहेर गेलेली नाही," फोल्कर्ट शांतपणे म्हणाला. "माझ्यात आहे."

टाकी भरावी, तर नळ दुसऱ्या पुलापलीकडे. कालव्याचं पाणी बादल्यांनी ओतावं, तर त्या टाकीतलं पाणी याप्के पिते. डाउवे छपराला हात लावून उभा राहिला, जसं काही त्याला ताप भरलाय.

तेवढ्यात इम्केने काठाकडे बोट दाखवलं. तिथे गावातल्या बाउकेआजींचा ऐंशीवा वाढदिवस चालला होता. खुर्च्यांचं गोल रिंगण, प्रत्येकाच्या हातात कॉफी आणि केकचा एकेक तुकडा. एकूण बावीस माणसं.

"हे बघ, दीड टन," इम्के म्हणाली.

आता इथल्या रीतीप्रमाणे वाढदिवसाला गेल्यावर नुसतं आजींचं अभिनंदन करून चालत नाही. त्यांच्या मुलाचं, सुनेचं, शेजारणीचं, सगळ्यांचं हात हातात घेऊन करावं लागतं. डाउवेने बावीस हात हलवले, मग अडचण सांगितली. आजी उठल्याच. "चला रे, ऐंशी वर्षांत माझ्या वजनाचा कुणाला उपयोग झाला नव्हता."

बावीसजण कपबशा घेऊन चढले. बोट सुस्कारा टाकून खाली बसली. पहिला पूल छपरावरून जेमतेम एका नखाच्या अंतराने सरकला. डाउवेने भीतीपोटी तो पार करायला चाळीस मिनिटं घेतली.

"मुला, मी अजून जिवंत असताना पोहोचू का?" आजींनी विचारलं.

दुसरा पूल समोर दिसत होता आणि चर्चच्या घड्याळात साडेपाचचे ठोके पडले. सगळे एकदम उठले. घरोघरी सहाला जेवण, बटाटे चुलीवर चढवायचे. डाउवेने विनवलं, पण बटाट्यांपुढे कुणाचं चालतं? एकेक पाहुणा काठावर उतरला आणि एकेका पावलाबरोबर बोट वर आली. पुढे पूल, मागे पूल, मध्ये याप्केची बोट.

डाउवे काठावर धावला. "इथेच जेवा सगळे. मी रांधतो."

सगळे असे थबकले, की जणू त्याने कपडे काढले. "जेवायला?" सून म्हणाली. "आज? न ठरवता?"

तरी माणसं भली. सगळ्यांनी डायऱ्या काढल्या. बावीसजण एकत्र मोकळे असलेला पहिला दिवस निघाला तीन आठवड्यांनंतरचा गुरुवार, संध्याकाळी साडेसातला. तोही जेवून झाल्यावर, कॉफीला.

डाउवेने याप्केला फोन लावला.

"ताई, उद्या चारला जमणार नाही."

"ओरखडा?"

"नाही."

"मग?"

त्याने सगळं सांगितलं. पलीकडे बटाटे सोलण्याचा आवाज थांबला.

"परतताना टाकी भरून घे, हे मी सांगितलं नव्हतं का?"

"नाही, ताई."

डाउवेने डोळे मिटून घेतले. मग डायरीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"गुरुवारी मी मोकळी आहे," याप्के म्हणाली. "येते. माझे ब्याऐंशी किलो धर. आणि कुणाला बोललास तर बघ."

डाउवेने वहीत आकडा लिहिला. फोल्कर्टने मान लांब केली. "काय लिहिलंस?"

डाउवेने वही मिटली. "पुढच्या वर्षी बोट हवीय ना? मग विचारू नकोस."