बाप्तिस्म्यातला बाप

भारतचा फोन ठेवल्यापासून मानीबाईच्या डोक्यात एकच शब्द घोळत होता. "याडी, रविवारी माझा बाप्तिस्मा हाय," पोरगा म्हणाला होता. बाकी तिला काही उमगलं नाही, पण त्यातला 'बाप' तिने बरोबर ऐकला. नवरा देवसिंग गेल्या साली वारला होता. हे चर्चवाले आपल्या पोराला दुसरा बाप लावून देतात की काय?

रविवारी महागावहून एसटी धरून ती पांढरकवड्याला पोहोचली. भारत तिथे ट्रक चालवायचा. तलावाच्या काठी माणसं जमली होती. पास्टर उत्तमसिंग त्यांच्यासारखाच बंजारा, तांड्यातलाच निघाला. तो आपल्या बोलीत ख्यालीखुशाली विचारायला लागला, तशी ती आणखीच सावध झाली. एवढं गोड बोलतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

"याच्यात बाप कायले आणला?" तिने सरळ विचारलं.

"बापाचा काई संबंध नाई, काकी. शब्द ग्रीक हाय, लय जुना. अर्थ एवढाच, पाण्यात बुडवणं."

"मंग बुडवणं म्हणा ना!"

उत्तमसिंग हसला. "बायबल मराठीत आणणाऱ्यांनी शब्द तसाच ठेवला. कोणी स्नानसंस्कारही म्हणते. बुडवणं म्हटलं तर लोक घाबरतीन."

"म्हणजे खरा शब्द लपवता."

भारत मध्ये पडला. "याडी, मले कोणी जबरदस्ती नाई केली."

"शिकवून ठेवलेला माणूसही असंच बोलते."

पास्टर आणि भारत छातीइतक्या पाण्यात गेले. उत्तमसिंगने भारतच्या पाठीला हात लावला. "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने..."

"पिता!" मानीबाई काठावरून ओरडली. "आत्ताच म्हणे बापाचा संबंध नाई!"

तोवर भारतचं डोकं पाण्याखाली गेलं होतं. ती लुगड्यासकट तलावात शिरली. तो वर येऊन डोळे पुसतो तोवर त्याचं मनगट तिच्या मुठीत होतं.

"काहून आली तू पाण्यात?"

"तू वर येतं का नाई, ते पाह्याले."

"अवं, पिता म्हणजे देव. माझा बाप देवसिंगच."

"मंग सांग सगळ्याइले."

डोळ्यांतलं पाणी पुसत भारत काठाकडे वळला. "मी भारत देवसिंग आडे," तो मोठ्याने म्हणाला. कोणीतरी हसलं. उत्तमसिंगने मान डोलावली. मानीबाईने पोराचं डोकं पदराने खसाखसा पुसलं, पण त्यांच्यासोबत जेवायला काही ती थांबली नाही.

दिवाळीला तो येणार नाही, असं ती धरूनच चालली होती. पण आला. पितरांसाठी चुलीच्या विस्तवावर लापशी टाकायची वेळ झाली, तेव्हा न सांगता पुढे सरकून बसला. घास टाकला, बापाचं नाव घेतलं. त्यानंतर डोळे मिटून ओठांतल्या ओठांत आणखी काहीतरी पुटपुटला.

"काय म्हटलं रे?"

"काई नाई, याडी."

मानीबाईने विस्तवावर तूप सोडलं. जाळ भडकला, तरी तिची नजर पोराच्या तोंडावरच होती.