परतीच्या टपालाला दार नव्हते

सकाळी सव्वादहा वाजता माझ्याकडून एक पत्र निघाले आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच परत आले. त्याच मजकुराची आधीची पत्रेही अशीच परतली होती. कार्यालयात कुणाला त्याची गंधवार्ता नव्हती.

मित्रांनो, मी एक जुना टपालसंगणक आहे. या कार्यशाळेतून जे ईमेल बाहेर जाते ते माझ्या हातून जाते आणि जे येते ते माझ्याकडे उतरते. मला पडदा नाही, कळफलक नाही. साचे ओतायच्या खोलीला लागून एक फळी आहे, तिच्यावर मी बसतो. प्लास्टरची पांढरी धूळ माझ्या जाळीत गेली आहे, त्यामुळे माझा पंखा म्हाताऱ्या माणसाच्या छातीसारखा घरघरतो. इथले लोक मला टपाल्या म्हणतात. नाव कुणी ठेवले ते आता कुणाला आठवत नाही.

आमच्या कार्यशाळेत कृत्रिम पाय बनतात. दूरदूरच्या रुग्णालयांतून मापे येतात, इथे साचा होतो, पाय घडतो, मग रुग्णालयाला पत्र जाते : पाय तयार आहे, माणसाला अमक्या दिवशी पाठवा. ते पत्र पोचले नाही तर पाय फळीवर आणि माणूस घरात, एवढाच त्याचा अर्थ.

मला इथे आणले ते थोरल्यांनी. कार्यशाळा त्यांनीच उभी केली. त्यांचा एक दंडक होता. पत्र कुणीही लिहो, ते जाणार थोरल्यांच्या नावाने आणि थोरल्यांच्या पत्त्यावरून. "पाय टोचला तर शिवी कुणाला घालायची, ते माणसाला कळलं पाहिजे," असे ते म्हणत. उत्तरे मात्र कार्यालयाच्या पेटीत यावीत, म्हणजे कार्यालय सांभाळणाऱ्या ताईंना ती लगेच दिसतील, अशी वेगळी सोय मला करून दिली होती. कार्यालयाच्या पेटीत उत्तर येई. पण पत्र पोचलेच नाही, तर 'पोचले नाही' हा निरोप मी पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर देतो. म्हणजे थोरल्यांच्याच पेटीत. आमची रीतच तशी आहे.

थोरले सकाळी आले की चहा गार होईपर्यंत तेच वाचत बसत. परत आलेले आधी, आलेले मागून. मग खुर्चीतूनच आवाज जाई, "ताई, त्या बंदरावरच्या दवाखान्याची पेटी भरलीय, फोन करून सांगा त्यांना, जरा झाडलोट करा म्हणावं!" किंवा, "फोटो केवढा लावलाय हा! पाय पाठवताय की हत्ती?" ताई हसत, फोटो लहान करत, आणि पत्र जाई. मला त्या काळी कुणी नावाजले असे नाही. पण कुणाचा पाय फळीवर पडून राहिला नाही. माझ्यासारख्याला तेवढे पुरते.

थोरले गेले. पेटीत पत्रे येतच राहिली. जाहिराती, सवलती, 'आपली प्रकृती कशी आहे' असे विचारणारी औषधाच्या दुकानाची पत्रे. त्यांचे चिरंजीव, ज्यांना सगळे धाकटे म्हणतात, एकदा ती बघून उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. "नको हे," ते म्हणाले. "बंद करा बाबांची पेटी." पेटी बंद झाली.

पण पत्रांवरचे नाव? ते काढायला कुणाचा हात धजेना. ताई म्हणाल्या, "राहू दे की. त्यांच्या नावानं जाणारं पत्र बरं वाटतं." धाकट्यांनी मान हलवली. नाव ठेवले ते मायेने, पेटी मिटली तीही मायेने. दोन्ही एकत्र केल्यावर काय होईल, याचा विचार माया करत नाही, मित्रांनो. तो माझ्यासारख्यांच्या वाट्याला येतो, आणि आम्हाला तोंड नाही.

आता त्या सकाळच्या पत्राकडे येतो.

डोंगरापलीकडच्या रुग्णालयाने एका आठ वर्षांच्या मुलीची मापे पाठवली होती. डावा पाय, गुडघ्याखालचा. तिचा आधीचा पाय आखूड पडला होता आणि ती कुबडी घेऊन शाळेत जात होती. साचेवाले मामा या कामात मुरलेले. त्यांनी तो पाय मन लावून केला, चामड्याचा पट्टा दोनदा बदलला आणि फळीवर उभा करून ठेवला. तो तसाच उभा राहिला. येता-जाता मामांची नजर त्याच्यावर पडे आणि त्यांचे तोंड वाकडे होई.

"ताई, त्या पोरीचं कळवलंत ना?"

"कळवलं हो मामा. पुनःपुन्हा कळवलंय."

"मग येत का नाहीत?"

"येतील. त्यांच्या सवडीनं येतील. घाटातनं यायचं म्हणजे काय सोपं आहे?"

"सवड त्यांना असेल. पोरीच्या हाडाला नाही," मामा म्हणाले. "नळी लांब करून देईन मी, तेवढी जागा ठेवलीय. पण तिचा पाय जिच्यात बसतो ती खोबण वाढत नाही, ताई. अजून थोडे दिवस गेले की हा पाय तिला व्हायचा नाही. मग नवं माप, नवा साचा, पुन्हा पहिल्यापासून. आणि तोवर पोर कुबडीवर."

ताईंनी चौथे पत्र टाकले ते त्यावर. सव्वादहाचे ते हेच. ते परत आल्यावर मी नेहमीप्रमाणे 'पोचले नाही' असा निरोप तयार केला, थोरल्यांच्या दाराशी नेला, दार बंद होते. अशा निरोपांसाठी प्रत्येक टपालसंगणकात आणखी एक पेटी असते, पोस्टमास्तरांची. जे कुणाचेच नाही ते तिथे टाकायचे. मी तिथे टाकले. ती पेटी या कार्यालयात कुणी उघडली नव्हती. ती आहे हेच कुणाला ठाऊक नव्हते.

दुपारी मामांच्या भुणभुणीला कंटाळून ताईंनी रुग्णालयाला फोन लावला. तिथे रुग्णांना चालायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी तो घेतला. त्यांचा आवाज ताईंच्या फोनमधून फळीपर्यंत ऐकू येत होता.

"पत्र? कसलं पत्र? आम्हीच तुमची वाट बघतोय! मुलीची आई दर खेपेला विचारते, मी काय सांगू तिला?"

"अहो, आम्ही किती वेळा पाठवलं..."

"एकही नाही आलं. एकही. आणि आता त्यांचा फोनही लागत नाही. वर वस्तीवर राहतात ते. आमची फिरती परिचारिका तिकडे जाते, तिच्या हातून निरोप देता येईल. पण मला लेखी द्या. तारीख, वेळ, बरोबर काय आणायचं, सगळं. तोंडी निरोप त्या घाटात चढेपर्यंत तीनदा बदलतो."

ताईंनी फोन ठेवला आणि पाचवे पत्र टाकले. तेही परत आले. अर्थात ते फक्त मला कळले. थोड्या वेळाने पलीकडून फोन आला, "नाही आलं हो!"

मग धाकटे बाहेर आले. "ताई, पत्ता नीट बघून टाकता की नाही?"

"अक्षर न् अक्षर बघितलंय," ताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "इतकी वर्षं मी पत्रं टाकते. मी काय मुद्दाम त्या लेकराचा पाय अडवून ठेवीन?"

"तसं नाही म्हणालो मी."

"म्हणालात. सुरात म्हणालात."

संध्याकाळी धाकट्यांचा मेहुणा आला. त्याला संगणकातले कळते आणि तो पैसे घेत नाही. फुकटचा माणूस असल्याने तो आपल्या सवडीने येतो आणि आल्यावर कुणाचे ऐकत नाही. त्याने मला आधी बंद करून पुन्हा चालू केले. माणसांचा या उपायावर फार विश्वास आहे. मी बंद झालो, चालू झालो, पंखा दुप्पट घरघरला. पत्र परत आले. मग त्याने तार काढून लावली. पत्र परत आले. मग त्याने पत्ता एकेक अक्षर मोठ्याने वाचला, ताई प्रत्येक अक्षराला "हो" म्हणत गेल्या. दर खेपेला पलीकडच्या बाई फोनवर "नाही आलं" म्हणत होत्या. मग जोडलेला फोटो काढून टाकला. पत्र परत आले.

"दाजी, बाकीच्यांना जातात का पत्रं?" त्याने विचारले.

"चामडंवाल्याला कालच गेलंय. त्याचं उत्तरसुद्धा आलं. म्हणून तर आम्हाला कळेना."

मेहुण्याने स्वतःच्या पत्त्यावरून रुग्णालयाला दोन ओळी टाकल्या. त्या बाईंना मिळाल्या. तशाच दोन ओळी थोरल्यांच्या नावाने माझ्याकडून टाकल्या. त्या परतल्या. तेव्हा कुठे त्याने माझी आतली दारे उघडली आणि एकेक करत पोस्टमास्तरांच्या पेटीशी आला. ती उघडताच तो मागे सरकला.

"अरे बापरे. दाजी, इकडे या. हे सगळं परत आलेलं आहे."

त्याने एक निरोप वाचून दाखवला. इतके दिवस पडून असलेले माझे शब्द पहिल्यांदाच कुणीतरी वाचत होते.

"म्हणजे काय, ते सांग," धाकटे म्हणाले.

"म्हणजे असं. चामडंवाल्याचं यंत्र भोळं आहे, येईल ते घेतं. रुग्णालयाचं यंत्र चौकस आहे. पत्र आलं की ते आपल्या टपाल्यालाच उलट विचारतं, ज्याच्या नावानं हे आलंय तो माणूस तुमच्याकडे राहतो का? आणि आपला टपाल्या खरं सांगतो. म्हणतो, असं इथे कुणी नाही."

मी तेच सांगत आलो होतो. मला दुसरे सांगता येत नाही.

"म्हणून ते पत्र घेत नाही," मेहुण्याने आवाज खाली आणला. "आणि घेतलं नाही हे सांगायला टपाल्या ज्यांच्याकडे जातो, त्यांची पेटी आपण बंद केली. दाजी, तुम्ही घर मिटलंत आणि पाटी तशीच ठेवलीत."

धाकटे स्टुलावर बसले. मामा दारात येऊन उभे होते, हात प्लास्टरने भरलेले.

"दोन उपाय आहेत," मेहुणा म्हणाला. "थोरल्यांची पेटी पुन्हा उघडायची, नाहीतर पत्रं दुसऱ्या नावानं पाठवायची. पेटी उघडली तर रोज वाचायला कुणीतरी पाहिजे. नुसती उघडून उपयोग नाही."

"उघडू या ना," ताई हळूच म्हणाल्या. "मी वाचीन."

धाकटे स्टुलावरून उठले. मग म्हणाले, "नको. माझ्या नावानं पाठवा."

"आणि पाय टोचला तर?" मामांनी विचारले. त्यांच्या आवाजात थट्टा होती की परीक्षा, मला सांगता येत नाही.

"तर मला घाला शिव्या. तुम्ही तशाही घालताच की."

"तोंडावर घालत नव्हतो अजून," मामा म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मेहुण्याने नाव बदलले. ताईंनी पत्र पुन्हा लिहिले. तारीख, वेळ, जुना पाय आणि दोन्ही बूट बरोबर आणा, लांबून येताय तर राहायची सोय इथे होईल. मी ते घेऊन निघालो. पलीकडच्या यंत्राने मला दाराशीच थांबवले. हे नाव आम्ही ओळखत नाही, थोड्या वेळाने या.

"आता काय?" धाकटे म्हणाले.

"काही नाही. नवं नाव आहे, ते जरा ताटकळत ठेवतं. टपाल्या आपण होऊन पुन्हा जाईल. बसा."

ते बसले. ताईंनी घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगितले. मी पुन्हा गेलो. या खेपेला पलीकडून एकच शब्द आला : घेतले. मेहुण्याने तो ताईंच्या संगणकाच्या पडद्यावर वाचला आणि ताई डोळे पुसत म्हणाल्या, "पोचलं!"

मित्रांनो, इथे एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. 'घेतले' याचा अर्थ पलीकडच्या दाराने घेतले. पुढे ते कुणी उघडले का, वाचले का, वाचून उठले का, हे मला कधीच कळत नाही. आणि परत आलेल्या पत्राचे मला जे कळते, ते तुम्ही वाचत नाही. तो निरोप रुक्ष असतो, आकड्यांनी भरलेला असतो, म्हणून तुम्ही तो कटकट समजून पुसून टाकता. पुसू नका. त्यात कुठेतरी एका ओळीत कारण लिहिलेले असते. ते वाचायला थोरल्यांना काही वेगळी विद्या लागत नव्हती, चहा गार होईपर्यंतचा वेळ लागत होता. तुमच्याकडेही माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याच्या जाळीतली धूळ अधूनमधून काढा, आणि त्याच्या पोस्टमास्तरांच्या पेटीला एक माणूस नेमून द्या. मी थकलो आहे. तक्रार करत नाही. पण न वाचलेले निरोप वाहून नेण्याइतका दुसऱ्या कशाचाही थकवा येत नाही.

सध्या ती पेटी धाकटे वाचतात. त्यांना निम्मे कळते. उरलेले ते मेहुण्याला विचारतात.

काल रुग्णालयातून उत्तर आले, धाकट्यांच्या नावाने. पत्र मिळाले आहे. छापून परिचारिकेच्या पिशवीत ठेवले आहे. ती गुरुवारी वस्तीवर जाते, घाटाचा रस्ता चालू असेल तर. ताईंनी ते मामांना वाचून दाखवले. मामांनी नळीचा पेच सैल केला, ती नखभर लांब केली, पुन्हा आवळली. खोबणीत त्यांनी बोट फिरवून पाहिले आणि पाय पुन्हा फळीवर उभा केला.

आज बुधवार आहे. रस्त्याचे अजून कुणी काही कळवलेले नाही.