अर्पिताची बाटली

‘विद्यार्थ्यांची सामाजिक समज’ या विषयावरचं प्रशिक्षण उरकून निशिगंधा मॅडम आदल्याच दिवशी आर्णीला परतल्या होत्या. समज वाढायची ती वाढली असेल, अंग मात्र मोडून निघालं होतं. त्यात मार्चचं ऊन आणि आठवीचा शेवटचा तास. मॅडमनी मुलं मनातल्या मनात निवडून टाकली होती. बोलकी ती समजदार. अर्पिता कोणाशी धड बोलत नाही, म्हणजे तिच्यात कमी.

तिच्याच बाकावरची माहनूर मात्र लाडकी. रमजान सुरू होता. “एवढ्या उन्हात रोजा धरते ही! शिका जरा,” असं मॅडमनी परवा भर वर्गात सांगितलं होतं. कौतुकाला काय पैसे पडतात!

आज माहनूर बाकाखाली वाकली, आणि स्वतः रोजा धरलेला अब्रार ओरडला, “मॅडम, माहनूर पाणी पिऊन राह्यली!”

सगळा वर्ग वळला. माहनूरचा चेहरा उतरला.

“काय गं? रोजा आहे ना तुझा? उभी राहा,” मॅडम दमलेल्या आवाजात म्हणाल्या.

माहनूर उठेना. अर्पिताच उठली. “बाटली माही हाय. पाणी मीच पेली. अन् तू रे अब्रार, पोरीइकडं काहून पाहून राह्यला?”

पोरं फिदीफिदी हसली. मॅडमचं डोकं आधीच उठलेलं. “तुला कोणी विचारलं? हो बाहेर!”

अर्पिता निमूट गेली. मग मॅडमना दिसलं, माहनूरचा एक हात पोटावर दाबलेला होता, दुसरा मागून ओढणी सारखी करत होता. पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. मागच्याच महिन्यात नणंदेकडच्या सत्यनारायणाला डोकं दुखतं सांगून त्या स्वतः आत निजल्या होत्या. बाईमाणसाला एवढं कळू नये? त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्या दाराबाहेर गेल्या. हळूच विचारलं, “तिनं सांगितलं होतं तुला?”

“नाही. सकाळपासून ओढणी सारखी करून राह्यली. डबा खायले टाकीमागं गेली. सांगा कायले लागते?”

मॅडम दारातून बाजूला सरकल्या. “चल, आत ये.”

“नको मॅडम. मी इथं उभी हाय तवरक सारे माह्याकडंच पाहून राह्यले.”

मॅडमनी वळून पाहिलं. सगळा वर्ग माना उंचावून दाराकडे बघत होता. मागच्या बाकावर माहनूर घटाघटा पाणी पीत होती.