एका थांब्याची गाडी

मित्रांनो, माझ्या स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला तीन बटणांच्या जागा आहेत आणि तिन्ही जागी नुसती काळी झाकणे आहेत. तिथे बोट दाबले तर काहीच होत नाही. जाणकारांनी एवढ्यावरून मला ओळखले असेल. विजेवर चालणाऱ्या मोटारींमधले सगळ्यात साधे, म्हणजे बेस मॉडेल ते मी. आता तर जुनीही झाले आहे.

कारखान्यात आमच्या प्रत्येकीच्या काचेवर एक कागद चिकटवलेला असे. कोणाला काचेचे छप्पर, कोणाला गरम होणाऱ्या सीट, कोणाला चहूबाजूंनी कॅमेरे, ते त्यावर लिहिलेले असायचे. माझा कागद जवळजवळ कोराच होता. जो कामगार जवळ येई तो कागद वाची आणि म्हणे, "हिचं काही नाही, ढकला पुढे." मी आपली मुकाट्याने पुढे सरकायचे. वाईट वाटायचे, खोटे कशाला सांगू? फक्त शेवटी चाचणी घेणारी एक बाई मला गोल रस्त्यावर फिरवून आली आणि उतरताना दारावर थाप मारून म्हणाली, "पळते चांगली." त्या दोन शब्दांवर मी पुढे कितीतरी दिवस काढले.

मग मी शोरूममध्ये आले. मला मुद्दाम दाराशी ठेवले होते आणि टॉप मॉडेल आत, दिव्यांखाली. गिऱ्हाईक आधी माझ्याजवळ थबके. मग विक्री करणारी मुलगी त्याला गोड बोलत आत आत नेई. थोडक्यात, माझ्यात काय काय नाही हे लोकांना दाखवणे, हीच माझी नोकरी होती. रोज सकाळी मला पुसत, चकचकीत करत, पण घरी कोणी नेत नसे.

एका शनिवारी एक वयस्कर जोडपे आले. काका लिफ्ट तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षे त्यांनी शहरातल्या लिफ्ट तपासल्या होत्या. दोर, ब्रेक, दारे, घंटा, सगळ्याची यादी करायची आणि यादीतली एक खूण जरी राहिली तरी सही द्यायची नाही, हा त्यांचा खाक्या. त्यांनी पास केलेल्या लिफ्टमध्ये कधी कोणाला साधे खरचटलेही नाही, असे काकू अभिमानाने सांगत. काकू शिवणकाम शिकवायच्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्या जरा लंगडत होत्या आणि त्यांचे दुसरे दुखणे म्हणजे त्यांना गाडी लागायची. डिझेलचा वास आला, इंजिन थरथरले, की पोटात ढवळून यायचे. पर्समध्ये कागदी पिशव्यांची चळतच असे.

त्या दिवशी विक्री करणाऱ्या मुलीने दोघांना माझ्यातून अर्धा तास फिरवून आणले. परत आल्यावर काकूंनी पर्स उघडली. काकांना वाटले, झाले, आता पिशवी काढावी लागणार. पण त्यांनी पिशवी न काढता फोन काढला आणि आपल्या बहिणीला लावला. ही बहीण, ताई, तीनशे दहा किलोमीटरवरच्या गावात राहायची. तिची फुफ्फुसे थकली होती, घरात ऑक्सिजनची नळी लावून बसायची, तिला प्रवास शक्य नव्हता. दोघी बहिणींची चार वर्षांत भेट नव्हती.

"ताई, मला गाडी लागली नाही गं," काकू म्हणाल्या. "अर्धा तास फिरले. मी येते आता."

पलीकडून काय उत्तर आले ते मला नीट ऐकू आले नाही, पण काकू हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. नंतर त्यांनी काकांना सांगितले की ताईने बजावले आहे, भाड्याच्या डिझेल गाडीने हाल करून घेत येऊ नकोस, तुझी गाडी आली की मगच ये, मी कुठे पळून जात नाही.

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटले, माझे नशीब उघडले. एका चार्जिंगमध्ये मी दोनशे साठ किलोमीटर जायचे. वाटेत एका जागी चाळीस मिनिटे थांबून पोट भरून घेतले की ताईंचे दार. त्यात अवघड असे काहीच नव्हते.

पण त्या मुलीलाही नोकरी होती. पॅकविषयी, म्हणजे जादा पैसे देऊन घ्यायच्या सोयींविषयी, बोलल्याशिवाय गिऱ्हाईक सोडायचे नाही, असा दुकानाचा दंडक. तिने काकूंचे चालणे पाहिले आणि अगदी चांगल्या मनाने सांगितले की आराम पॅकमध्ये पुढची सीट दाराकडे वळते, खुब्याला ताण न देता उतरता येते. काकांचे कान टवकारले. त्यांनी माहितीपत्रक मागून घेतले, खिशातून पट्टी आणि पेन्सिल काढली आणि माझ्या बॉनेटवरच तक्ता आखायला घेतला. तिथेच सगळे घोडे अडले.

आराम पॅक बेस मॉडेलला मिळत नव्हता, म्हणून काकांनी मधले मॉडेल नोंदवले. पुढच्या शनिवारी त्यांच्या ध्यानात आले की मोठी बॅटरी फक्त टॉप मॉडेलमध्ये मिळते. ती घेतली तर वाटेत थांबावेच लागणार नाही. नोंदणी बदलली. मग कळले की टॉप मॉडेलला काचेचे छप्पर आपोआप येते. उन्हाने काकूंचे डोके चढेल, म्हणून पडद्याचा पॅक वाढवला. तो घेतला तर सीटचा रंग बदलत होता. प्रत्येक बदलाला नोंदणी रांगेच्या शेवटी जात होती. मुलगी हे दर वेळी सांगायची आणि काका दर वेळी मान डोलवायचे. शोरूममधले सगळे त्यांना तक्तेवाले काका म्हणू लागले.

दर शनिवारी दोघे येत आणि माझ्यात बसत, कारण बसून बघायला मीच मोकळी असायचे. काका किल्लीने, पट्टीने, बोटांनी माझी मापे घेत. काकू शेजारी बसून ताईला फोन लावत. पहिले काही आठवडे दोघी बोलून बोलून थकत नव्हत्या. पुढे फोन लहान होत गेले. ताईचा दम पुरत नव्हता. नंतर नंतर ताईचे यजमान फोन घ्यायचे आणि ती झोपली आहे म्हणून सांगायचे. काकू फोन ठेवत आणि माझ्या त्या तीन झाकणांकडे नुसत्या बघत बसत.

चौथ्या महिन्यात त्या मुलीला राहवले नाही. शोरूमचे साहेब जेवायला गेलेले पाहून ती माझ्या खिडकीशी वाकली आणि हळूच म्हणाली की डिस्प्लेची गाडी, म्हणजे मी, महिनाअखेरीला विकायला निघणार आहे, कागद आजच केले तर चार दिवसांत घरी नेता येईल. तिला माझ्यापेक्षा टॉप मॉडेलवर कितीतरी जास्त शाबासकी मिळाली असती, तरी ती बोलली. तिचे ते उपकार मी विसरलेले नाही.

काका विचारात पडले. त्यांनी मला एक फेरी मारली, टायरवर टाच दाबून पाहिली. मी श्वास रोखला होता, म्हणजे आमच्यात जे काही रोखता येते ते. मग त्यांनी मान हलवली.

"वळणारी सीट नाही हिला. शिवाय मध्ये थांबावं लागणार," ते म्हणाले. "कुठल्या तरी आडजागी तुला तासभर बसवून ठेवू मी?"

"चाळीस मिनिटं," मुलगी म्हणाली.

काकूंनी काकांच्या बाहीला धरले. "अहो, मला सीट नको. मला ताईला बघायचंय."

"अगं, तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं. आयुष्यात एकदाच घेणार आपण. थोडी कळ काढ, नीट घेऊ."

काकूंनी बाही सोडली. त्यांना रागावता येईना, कारण काकांचे म्हणणे खरे होते. त्या तक्त्यातली एकही खूण काकांनी स्वतःसाठी केलेली नव्हती. मला मात्र राग आला होता, मित्रांनो. मला हॉर्न आहे, तो माझा मला वाजवता येत नाही, एवढेच.

मला महिनाअखेरीला कोणी नेले नाही. नवे मॉडेल आले तशी मी पाण्याच्या कूलरशेजारच्या कोपऱ्यात गेले. येणारे जाणारे रिकामे पेले माझ्या छतावर ठेवू लागले. पुसायलाही कोणी येईना.

सातव्या महिन्यात काकांची गाडी आली. गुरुवारी आली, शनिवारी द्यायची ठरली. शुक्रवारी सकाळी ताई गेल्या.

मला हे शनिवारी कळले. काकू डिझेलच्या भाड्याच्या गाडीने निघाल्या होत्या. दुसरी मिळालीच नाही. वाटेत सात वेळा गाडी थांबवून त्यांना उतरवावे लागले. त्या पोहोचल्या तेव्हा सगळे आटोपले होते, अंगणातल्या खुर्च्यासुद्धा उचलल्या गेल्या होत्या. काकांनी फोनवर मुलीला हे सांगितले, आणि ती माझ्या बॉनेटला टेकून रडत राहिली. वळणाऱ्या सीटचे मीच सांगितले त्यांना, असे पुन्हा पुन्हा म्हणत होती.

पंधरा दिवसांनी दोघे आले. मधोमध त्यांची गाडी उभी होती. मोठी बॅटरी, वळणारी सीट, पडदे, काकांना हवा तो रंग. खरेच सुंदर होती, तिचा मला मत्सर वाटला नाही. साहेबांनी ताबा घेण्याची यादी काकांच्या हातात दिली. बेचाळीस गोष्टी तपासून खुणा करायच्या होत्या. काकांनी पेन्सिल काढली आणि पहिल्या ओळीवर ती तशीच धरून उभे राहिले.

काकू त्या गाडीपाशी गेल्याच नाहीत. त्या म्हणाल्या, "ही नको. हिच्यासाठी थांबलो आपण." मग लंगडत कूलरपर्यंत आल्या, माझ्या छतावरचा पेला उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि माझे दार उघडून आत बसल्या. खुब्याला कळ आली असणार, पण दार त्यांनी ओढून लावून घेतले.

काकांनी यादी साहेबांना परत केली. माझ्या कागदांवर त्यांनी न वाचता सही केली.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही ताईंच्या यजमानांना भेटायला निघालो. काका हळू चालवत होते. काकूंच्या पर्समधल्या पिशव्या पर्समध्येच राहिल्या. एकशे ऐंशी किलोमीटरवर चार्जिंगची जागा आली. काका ज्या आडजागेला इतके घाबरत होते, तिथे एक स्वच्छ खोली होती, बाहेर दोन बाके होती आणि एक माणूस चहा विकत होता. काकांनी वायर माझ्यात खोचली आणि दोघे बाकावर बसले. त्यांनी एकेक चहा घेतला. काकूंनी दोन केळी सोलली, एक काकांना दिले. शेजारच्या गाडीतली लहान मुलगी काकूंना आपली नवी चप्पल दाखवून गेली. आणि माझ्या स्क्रीनवरचा आकडा शंभरावर पोहोचला, खट् आवाज झाला.

काका उठले नाहीत. "झालं?" त्यांनी विचारले.

"झालं," काकू म्हणाल्या.

"एवढंच होतं?"

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले आणि ते रडू लागले. ज्या माणसाने पस्तीस वर्षे परक्यांचे जीव सांभाळले, त्याला स्वतःच्या घरातली ही एक चूक कशी सांभाळावी ते कळत नव्हते. मी पूर्ण भरलेली, समोर मोकळा रस्ता, आणि कोणालाच घाई नव्हती. बऱ्याच वेळाने काकूंनी त्यांच्या मांडीवरचे केळ्याचे साल उचलून घेतले. म्हणाल्या, "चला, भाऊजी वाट बघत असतील."

त्याला आता नऊ वर्षे झाली. माझी बॅटरी उतरली आहे. त्याच वाटेवर मला आताशा दोन थांबे लागतात, तरी दोघे महिन्यातून एकदा भाऊजींकडे जातातच. मला धुतात, पुसतात, टायरची हवा बघतात. माझी काही तक्रार नाही. तुम्हीही आपल्या घरातल्या साध्यासुध्या वस्तूंना जपा, त्या फार काही मागत नाहीत. पण मित्रांनो, माझे खरे मागणे वेगळेच आहे. कोणी कोणाच्या वाटेकडे डोळे लावून बसले असेल आणि तुमच्या घरी कोणी तक्ता आखत बसले असेल, तर त्याच्या हातातली पेन्सिल काढून घ्या. खुशाल काढून घ्या, रागावले तरी चालेल. दाराशी जे उभे असेल त्यात बसा आणि निघा.

ताईंनी मला कधी पाहिले नाही. त्यांच्या अंगणात माझ्यापुरती जागा मात्र रिकामी होती. तिथे ठेवलेल्या कुंड्या त्यांनी सात महिने आधीच, तो पहिला फोन आला त्याच दिवशी, हलवून घेतल्या होत्या, असे भाऊजींनी आम्ही पोहोचलो तेव्हा सांगितले.