मातीत पुरलेल्या चड्ड्या

थोरल्या जाऊबाईंच्या शेतात तण औषधालाही सापडायचं नाही, कारण औषध मारण्यात त्या हात आखडता घेत नसत. पीक निघालं की पालापाचोळा पेटवायचा आणि जमीन उलटीपालटी नांगरायची, हा त्यांचा खाक्या. बांधापलीकडच्या धाकटीने मात्र नांगर कधीच सोडला होता. तिचा पाला शेतातच पसरलेला असायचा.

"हे शेत आहे की उकिरडा?" थोरल्या विचारायच्या.

एक दिवस धाकटी दोन कोऱ्या, पांढऱ्या सुती चड्ड्या घेऊन आली. "ताई, मातीलाच विचारू. एक तुमच्यात पुरू, एक माझ्यात. दोन महिन्यांनी उकरू."

"अगं, जनाची नाही तर मनाची तरी ठेव! आणि माप कुणाचं?"

"भाऊजींचं. दुकानात मोठीच शिल्लक होती."

हसून हसून थोरल्यांच्या पोटात दुखायला लागलं, पण फावडं त्यांनीच मारलं.

दोन महिन्यांनी त्यांची चड्डी जशीच्या तशी निघाली. धुऊन वाळत घातली असती तर भाऊजींनी मुकाट्याने घातली असती. "जिंकले!" थोरल्यांनी ती झेंड्यासारखी फडकावली. मग धाकटीने आपली उकरली. हाती आलं नुसतं इलॅस्टिक, आणि त्याला लोंबकळणारं गांडूळ.

"कापड कुठे गेलं?"

"खाल्लं. माती जिवंत असली की खाणारे असतात."

थोरल्यांचा हात खाली आला. "म्हणजे माझ्या घरी जेवायला कुणी नाहीच?"

"येतील. तुम्ही विष वाढणं थांबवा."

थोरल्यांनी निम्म्या शेताचा नांगर बंद केला, काडीपेटी घरात ठेवली, औषधाचा पंप माळ्यावर टाकला. तण पाहून जीव खालीवर व्हायचा, तेव्हा त्या डोळे मिटून बांधावरून चालायच्या. दोनदा धडपडल्यासुद्धा.

पुढच्या हंगामात एका दुपारी धाकटीचा फोन खणखणला. "धाव! आला, पाहुणा आला!"

धाकटी कणकेच्या हातांनी धावली. थोरल्या चिखलात बसकण मारून बसल्या होत्या. तळहातावर एक गांडूळ वळवळत होतं.

"हळू बोल," त्या कुजबुजल्या, "नवखं आहे, बुजेल."

आणि दोघी चिखलात लोळेपर्यंत हसल्या.