आधी पडून बघा

जरा हळू बोलतो, कारण वर गिऱ्हाईक झोपलंय. वर म्हणजे कुठे, ते ओघानं येईलच. मी एक पुस्तक. पानं दोनशे चार, बांधणी चिकटवलेली, शिवलेली नाही. खोट आधीच सांगून टाकली, कारण मी ज्या दुकानात वाढलो तिथला तो नियम आहे.

छापखान्यातून माझ्यासारखे तीन हजार निघाले. प्रत्येकाच्या अंगावर टाय लावलेला एक माणूस कुणाचा तरी हात धरून हसतोय, आणि खाली लिहिलंय, 'रोजचं इंग्रजी: जोड्या पाठ करा, बोलू लागा'. पोटात नुसत्या जोड्या. इंग्रजीत नाम एकटंदुकटं फिरत नाही, त्याला ठरलेलं क्रियापद लागतं. डिसिजन 'मेक' करायचा, ब्रेक 'टेक' करायचा, अटेन्शन 'पे' करायचं. साधी अंघोळ करायची तरी आधी शॉवर 'हॅव' करावा लागतो. लावून दिलेली लग्नं सगळी. याच्याशी हीच का, असं विचाराल तर लावून देणाऱ्यालाही सांगता यायचं नाही, पण संसार चाललेत.

मला विकत घेतलं एका गादीवाल्यानं. शाळा सहावीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण गिऱ्हाइकांकडून. दुकानात माणसं तीन. मालक, खोळी शिवणारी त्याची बायको, आणि कापूस पिंजून गाद्या भरणारा तिचा पन्नाशीतला धाकटा भाऊ. त्याला सगळा रस्ता मामा म्हणायचा. तो मालकाला दाजी म्हणायचा, आणि त्या नात्यात जेवढे टोमणे बसतात तेवढे मारायचा.

दुकानाची एक रीत होती. मधोमध एक पलंग, त्यावर नमुन्याची गादी. गिऱ्हाईक आलं की मालक भाव सांगायचा नाही. "आधी पडून बघा," म्हणायचा. माणूस चपला काढून आडवा व्हायचा, आणि उठायचा तेव्हा अर्धा सौदा झालेला असायचा. फरशी एका बाजूला खचल्यामुळे पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी खाली होती. कुणी तक्रार केली की मामा म्हणायचे, "मुद्दामच ठेवलीय. डोकं खाली राहिलं की घासाघीस सुचत नाही."

मग समोर फोमच्या गाद्यांचं दुकान आलं. काचेचं दार, आत गार हवा, आणि दाराशी एक मुलगी: "हॅव अ लुक, सर! टेक युअर टाइम!" गिऱ्हाइकं तिकडे वळली. मालकानं आठ दिवस दारात उभं राहून अभ्यास केला आणि निकाल दिला, "माणसांना फोम नाही ओढत, इंग्रजी ओढतंय." नववा दिवस उजाडला आणि मी दुकानात आलो.

त्याच आठवड्यात फोमवाल्यानं मामांना विचारलं, आमच्याकडे दारावर उभे राहता का, गणवेश देऊ. पिंजायचं काम उरलं नव्हतं, म्हणून मामा जायला तयार झाले. बहिणीनं खोळीला उलटी शिवण मारली आणि बसली उसवत. तेव्हा मालक म्हणाला, "मेहुणे, नव्या वसतिगृहाला एकशेवीस गाद्या हव्यात. खरेदीचे साहेब गुरुवारी येतायत. ते काम मी आणतो. तुम्हाला दुसऱ्याच्या दारात उभं राहू देणार नाही, शब्द देतो."

माझ्या शेवटच्या पानावर 'कीप अ प्रॉमिस' आहे. इंग्रजीत शब्द नुसता ठेवला तरी चालतो. मराठीत तो पाळावा लागतो, गुरासारखा, रोज वैरण घालून. मालकानं आता गूर दावणीला बांधलं होतं आणि वैरण म्हणून आणलेला होतो मी.

शिकायला माणूस पक्का, पण त्यानं एक फर्मान काढलं: "पुस्तकात नाही ते दुकानात बोलायचं नाही."

"अहो, टी हॅव करा, निवतोय," बायको म्हणायची.

"वेट अ मिनिट!"

"दाजी, तुमच्या इंग्रजीत सगळी आपली घेतात आणि ठेवतात," मामा म्हणायचे. "आमच्याकडे बघा. हाक मारतात, थाप मारतात, मिठी मारतात. भाव खातात, डोकं खातात, शिव्या खातात. भाषेला कसं अंग पाहिजे!"

"पे अटेन्शन, मेहुणे!"

"ते समोरच्याला सांगा. तो पगार पे करणार आहे."

घोटाळा असा झाला की माझ्यात 'आधी पडून बघा' नव्हतं. मालकानं माझं पान न् पान दोनदा चाळलं. 'टेक अ सीट' सापडलं, म्हणून एक खुर्ची आणली गेली. पलंग भिंतीला सरकला, त्यावर खोळींचा ढीग चढला. माझी मान शरमेनं खाली गेली असती, पण पुस्तकाला मान नसते, कणाच असतो, आणि माझा तोही चिकटवलेला.

गुरुवारी साहेब आले. बॅग काखेत, कपाळाला घाम.

"प्लीज टेक अ सीट," मालक.

"थँक्स. लेट अस हॅव अ डिस्कशन."

मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. यांनी ॲश्युरन्स दिला, त्यांनी कन्सिडरेशनमध्ये घेतला. यांनी एफर्ट केला, त्यांनी नोट घेतली. पाऊण तासात पंधरावीस जोडपी वरातीसारखी पुढून गेली, पण गादी किती जाड, कापूस कुठला, हव्यात कधी, यावर चकार शब्द निघाला नाही. सगळं माझ्याच पोटातलं, म्हणून मला सगळ्यांच्या आधी कळलं, की एवढं बोलून कुणी काही बोललंच नव्हतं.

"वुई विल मेक अ डिसिजन," साहेब उठले.

हे वाक्य काय असतं ते सगळ्या दुनियेला ठाऊक आहे. मामांनी भुवईवरचा कापूस झटकला आणि समोरच्या काचेकडे पाहिलं. मालक माझी पानं मनातल्या मनात भराभर उलटत होता, पण एक जोडी सापडेल तर शपथ.

साहेबांनी रुमालासाठी बॅग उघडली. आत टाय लावलेला माणूस कुणाचा तरी हात धरून हसत होता. माझा सख्खा भाऊ! कान मुडपलेला, माझ्यासारखाच घामेजलेला.

मालकीणबाईंनी मशीन थांबवलं. "साहेब, तुमचं पान कितवं? आमचे हे त्र्याऐंशीवर आहेत."

मालकाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"एक्क्याऐंशी," साहेब हळूच म्हणाले, आणि मटकन खुर्चीत बसले. "काय करू बाई, वरचे म्हणतात, व्यापाऱ्याशी इंग्रजीत बोला, दबून राहतो. समोरच्या दुकानात तासभर बोलून आलो. काय ठरलं ते देवालाच ठाऊक. पाठ मोडली माझी."

पाठ म्हटल्यावर मालकातला गादीवाला जागा झाला. मला त्यानं बाजूला सारलं. "साहेब, किती जाडीची, कधी हवी, सगळं बोलू. आधी पडून बघा."

बाईंनी खोळींचा ढीग उचलला. मामांनी गादीवर हात फिरवला. साहेबांनी बूट काढले, आडवे झाले, "हं, कापूस लांब धाग्याचा दिस..." म्हणाले आणि घोरू लागले. तिघंजण पलंगाभोवती श्वास रोखून उभे होते.

चाळीस मिनिटांनी उठून ते पहिलं वाक्य बोलले, "एकशेवीस. महिन्याच्या आत." दुसरं, "डोक्याकडून जरा खाली जातो हो तुमचा पलंग." आणि बॅगेतून माझ्या भावाला काढून म्हणाले, "हे घ्या. जोडीला तुमचंही आहेच. जाडी सारखी, टेकू बरोबर बसेल."

तेव्हापासून आम्ही दोघं भाऊ पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली आहोत. तक्रार नाही. पूर्वीही आमच्यामुळे पुष्कळांना झोप लागायची, पण ती वाचताना. आता तिला किंमत आहे. समोरची मुलगी परवा मामांना म्हणाली, गणवेश शिवून तयार आहे. मामा म्हणाले, "खोळ म्हणून घालतो एखाद्या गादीला."

इंग्रजी शिका बाबांनो, जरूर शिका. माझे दोन हजार नऊशे अठ्ठ्याण्णव भाऊ अजून बाजारात आहेत, त्यांच्या पोटावर मला पाय द्यायचा नाही. फक्त तुमचं वाक्य त्यांच्यात सापडलं नाही, तर ते वाक्य टाकून देऊ नका. कदाचित तेच तुमचं दुकान असेल.

वर कूस बदलली वाटतं. गप्प बसतो. मामा खोळ खांद्यावर टाकून येतायत, आणि गिऱ्हाईक उठलं की भाव तेच सांगतात आता.