रतिद्झोची रायफल

मित्रांनो, माझ्यासारखी दुसरी रायफल जगात नाही. ही फुशारकी नव्हे. मला एका बाईसाठी, तिच्या हाताचं, मानेचं आणि खांद्याचं माप घेऊन घडवलं गेलं. तिचं नाव रतिद्झो. झांबेझी नदीच्या खोऱ्यात ती रानवाटाडी आहे. पाहुण्यांना पायी रानात फिरवायचं आणि एखादं जनावर माणसांवर उठलं तर पुढे जायचं, हे तिचं काम.

माझ्याआधी तिच्याकडे गावच्या वन्यजीव समितीची एक मोठी रायफल होती. ती कुणा धिप्पाड माणसासाठी बनलेली. रतिद्झो चणीनं लहान. नेम धरायला तिला मान ताणावी लागे आणि प्रत्येक बारानंतर गाल सुजे. म्हणून ती बुलावायो शहरात बंदुका घडवणाऱ्या खुपेबाबांच्या दुकानात गेली. बरोबर तिचा मामा होता, झ्वारेवाशे. तो खोऱ्यातला नावाजलेला मागकाढ्या. त्यांच्याकडे मामा-भाचीनं एकमेकांची टर उडवायची रीतच आहे आणि मामा त्यात जराही कसूर करत नसे.

"बाबा, हिच्यासाठी बंदूक कशाला? गलोल करून द्या," तो म्हणाला.

"चालेल," रतिद्झो म्हणाली. "पहिला खडा तुलाच मारून बघते."

खुपेबाबा हसले नाहीत. त्यांनी तिला डोळे मिटून लाकडाचा एक साधा दस्ता खांद्याला लावायला सांगितलं. मग डोळे उघडायला लावले. नजर वर गेली की ते लाकूड थोडं तासत आणि पुन्हा डोळे मिटायला सांगत. डोळे उघडताच नजर थेट नळीवरून धावू लागली, तेव्हा कुठे त्यांनी अक्रोडाचं खरं लाकूड हातात घेतलं.

माझी नळी जाड आणि आखूड आहे. माझं काडतूस माणसाच्या बोटापेक्षा लांब. पण बाबांचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका साध्या दिसणाऱ्या गोष्टीत. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा माझा दांडा, मागे ओढून पुढे ढकलला की खालचं काडतूस अलगद नळीत सरकलं पाहिजे. दिवसभर ते बिनदारूची काडतुसं आत-बाहेर करत बसायचे. बहुतेक वेळा ती सरकत. मधूनच एखाद्याचं टोक अडखळे. मग ते मला पुन्हा उघडून केसभर घासत.

"इतकं कशाला, बाबा? क्वचितच तर अडकतंय," रतिद्झो एकदा म्हणाली.

"पोरी, रानरेडा थांबून म्हणणार नाही, तुझं होऊ दे आधी."

मग आला माझा पहिला बार. शहराबाहेरच्या मैदानावर खुपेबाबांनी तिला सांगितलं, "लांब धरलीस तर ही ठोसा मारेल. जवळ घेतलीस तर नुसती ढकलेल."

मामा लगेच म्हणाला, "भाचीबाई, ही तुला उडवून थेट घरी नेईल. बसमध्ये उभं राहायला नको."

"मग तू माझ्या मागे उभा राहा. टेकायला काहीतरी बरं."

तिनं मला घट्ट जवळ घेतलं, श्वास सोडला आणि चाप दाबला. मैदान दणाणलं. ती एक पाऊल मागे सरकली, पण पडली नाही. तिनं लगेच बोल्ट ओढला, पुन्हा बार काढला, आणि पुन्हा एकदा. कागदावर तिन्ही भोकं इतकी जवळ पडली की एका तळहातानं झाकता आली असती. मामानं खरंच तळहात ठेवून पाहिलं. मला फार अभिमान वाटला.

माझी खरी कसोटी कोरड्या दिवसांत लागली. नदीकाठच्या भाजीच्या बागांत एक एकटा रानरेडा येऊ लागला होता. एका सकाळी त्यानं पाणी घालणाऱ्या माणसाची मांडी शिंगानं फाडली. बायका पाण्याला जाईनाशा झाल्या. रतिद्झो मला घेऊन निघाली. मामा पुढे, वाकून मातीतल्या खुणा वाचत.

"एक पाय ओढतोय," तो कुजबुजला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

माग काटेरी झुडपांच्या दाट जाळीत शिरला. तेवढ्यात जनावरांच्या पाठीवर बसणारे पक्षी त्या जाळीतून भर्रकन उडाले. मामा बाजूला झाला आणि झुडपं फुटली. नाक वर करून रेडा सरळ आमच्या अंगावर आला.

रतिद्झोनं मला उचललं. डोळा, नळीवरची मागची खाच आणि टोकाची माशी सगळं एका रेषेत होतं. पहिली गोळी छातीत बसली. तो अडखळला, पण थांबला नाही. तिचा हात बोल्टवर गेला. मित्रांनो, खुपेबाबांनी केसभर घासलेली ती वाट तेव्हा कामाला आली. दुसरं काडतूस पाण्यासारखं आत सरकलं. त्या गोळीनं रेडा गुडघ्यांवर आला आणि तिच्यापासून दोन हातांवर कोसळला.

रेडा हलत नाही ना, हे तिनं नीट पाहून घेतलं. मग रतिद्झोनं वर पाहिलं.

"मामा, तू झाडावर कधी चढलास?"

"मी कुठे चढलो? झाडच खाली आलं होतं."

खाली उतरल्यावर त्यानं रेड्याच्या पायाला हात लावला आणि त्याचं हसू मावळलं. चोरट्या शिकाऱ्यांच्या फासाची तार मांसात रुतून हाडापर्यंत गेली होती. "म्हणून चिडला होता बिचारा," रतिद्झो म्हणाली. तिनं सुरीनं ती तार कापून काढली. मेलेल्या जनावराच्या पायात तार असली काय नि नसली काय. तरी तिनं ती काढलीच. मांस गावात वाटलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी बायका पाण्याला गेल्या.

नंतर खोऱ्यात माझं नाव झालं. लोक मला हात लावून पाहायचे. पण कौतुकानं पोलाद कोरडं राहत नाही. रतिद्झोला नव्या वाटाड्यांना शिकवण्यासाठी हरारेला बोलावलं गेलं. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही पावसात भिजलो होतो. तिनं मला ओल्या कापडी पिशवीतच लोखंडी कपाटात ठेवलं. उद्या पुसते, असं ती म्हणाली. तिचा तो उद्या काही वर्षांनी आला.

त्या अंधारात गंज माझ्या अंगावर हळूहळू चढला. रतिद्झो खोऱ्यात परतली, तिनं पिशवी उघडली आणि बोल्ट ओढला. तो हलेना. मामा शेजारीच होता. थट्टा करायची आयती संधी होती, पण त्यानं मान हलवली.

"हिला घेऊन निघालीस तर मी तुझ्या पुढे चालणार नाही, रतिद्झो."

त्यानं तिला भाचीबाई म्हटलं नाही. ते तिला लागलं, आणि मलाही.

ती पुन्हा बुलावायोला गेली. खुपेबाबा म्हातारे झाले होते. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं, एक खुर्ची ओढली, तेल नि चिंधी तिच्यापुढे ठेवली.

"मी नाही. तू," ते म्हणाले.

ती बसली. गंज घासताना तिच्या बोटांची सालं निघाली. सुदैवानं नळीच्या आत फारसं बिघडलं नव्हतं. बाहेर काही खड्डे राहिले, ते आजही आहेत. मग बाबांनी बिनदारूची काडतुसं काढली आणि तीही तिच्याकडूनच आत-बाहेर करवून घेतली. एकही अडलं नाही, तेव्हाच त्यांनी आम्हाला मैदानावर सोडलं. मी पूर्वीसारखीच दणाणले.

त्यानंतरच्या हंगामात एकदा आम्ही पाहुण्यांना घेऊन पायी निघालो होतो. वळणावर झाडांतून एक हत्तीण पिल्लासह बाहेर पडली. तिनं कान पसरले आणि ती ओरडत आमच्यावर धावली.

"मारा! मारा तिला!" मागून एक पाहुणा किंचाळला.

रतिद्झोनं मला खांद्याला लावलं. तिचं बोट चापाच्या बाहेर होतं. तिच्या गालाची नाडी मला माझ्या लाकडावर जाणवत होती, जोरात पण नीट. ती हत्तिणीवर मोठ्यानं ओरडली आणि जागची हलली नाही. हत्तीण इतकी जवळ आली की तिच्या पायांची धूळ माझ्या नळीवर बसली. मग ती थबकली, तिनं डोकं झटकलं, आणि पिल्लाला पुढे घालून ती निघून गेली.

मामानं घाम पुसला. "भाचीबाई, मारली का नाहीस?"

"अजून वेळ होता."

"कुठे होता? मला तर कुठे दिसला नाही."

"मला ठाऊक होतं, लागलीच तर ही चालेल. म्हणून थांबता आलं."

मित्रांनो, तुमच्याकडे रायफल नसेल, आणि नसावीच. पण सायकलचा ब्रेक असेल, विहिरीचा दोर असेल, नावेचं वल्हं असेल. ज्या वस्तूवर कुणाचा तरी जीव अवलंबून आहे, तिला उद्यावर टाकू नका. आज पुसा, आज तपासा.

त्या संध्याकाळी तळावर मामा हाका मारत होता, "अगं, मक्याचा सादझा गार झाला! ये जेवायला!"

"आले," रतिद्झो म्हणाली, आणि माझ्या नळीवरची हत्तिणीची धूळ पुसत राहिली.